आरोग्य अर्थशास्त्रात करिअर: नंबर लागायच्या आधी जे गेले, ते कुठल्या रकान्यात?

अर्थशास्त्रात एम.ए. झालेल्या एका वाचकाने विचारलं आहे: आरोग्य विमा, वैद्यकीय तंत्रज्ञान आणि रुग्णांवर होणारे परिणाम यांवर संशोधन करणारे लोक नेमकं काय करतात? डॉक्टर नसताना या क्षेत्रात निभाव लागतो का? आणि शेवटी हे सगळं खर्चकपातीचंच काम नाही का?

बावीस वर्षं मी हे काम करते आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो घरच्यांनीही मला विचारून झालाय.

खर्च कमी करायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. रुग्णालयाला कुलूप लावलं की खर्च शून्य. आम्ही शोधतो ते वेगळं: गेलेल्या पैशातून कुणाचं आयुष्य किती वाढलं, दुखणं किती कमी झालं, आणि तोच पैसा दुसरीकडे लावला असता तर जास्त भलं झालं असतं का. उत्तर पुष्कळदा 'अजून खर्च करा' असंच येतं. डेव्हिड कटलर आणि मार्क मॅक्लेलन यांनी अमेरिकेत १९८४ ते १९९८ या काळात हृदयविकाराचा झटका आलेल्यांचा हिशेब मांडला. महागाई वगळूनही दर रुग्णामागचा खर्च सुमारे १०,००० डॉलरनी वाढला होता, आणि त्याच काळात अशा रुग्णाचं पुढचं आयुष्य सरासरी एका वर्षाने वाढलं होतं. नुसता खर्चाचा आलेख बघणाऱ्याला यात उधळपट्टी दिसते. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की दहा हजार डॉलरमध्ये आयुष्याचं एक वर्ष मिळालेलं दिसतं, आणि तो सौदा बहुतेकांना स्वस्तच वाटेल.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं, ते माझ्याच एका फजितीवरून सांगते.

पीएचडीनंतरचा माझा पहिला मोठा अभ्यास हृदयात बसवायच्या एका उपकरणावर होता. काही रुग्णालयांच्या नोंदी हाती होत्या. एका रकान्यात उपकरण बसवलेले रुग्ण, दुसऱ्यात ज्यांना सल्ला दिला होता पण बसवलं गेलं नाही असे. वय, मधुमेह, मूत्रपिंडाची स्थिती, सगळं जुळवून घेतलं. उपकरणवाले इतके जास्त जगत होते की मलाच आकड्यांचं कौतुक वाटायला लागलं. निष्कर्ष दाखवायला एका रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेतल्या वॉर्डच्या सिस्टरनी हात वर केला आणि विचारलं, "नंबर लागायच्या आधीच जे गेले, ते तुमच्या कुठल्या रकान्यात आहेत?"

ते अर्थातच 'उपकरण नाही' या रकान्यात होते. उपकरणाच्या रकान्यात यायचं तर शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत जिवंत राहणं भागच होतं. म्हणजे मी काही आठवडे जगून दाखवलेल्यांची तुलना सगळ्यांशी करत होते. प्रत्येक रुग्णाचा वाट पाहण्याचा काळ वेगळा काढून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा फायदा एक तृतीयांशाहूनही कमी उरला. याला इम्मॉर्टल टाइम बायस म्हणतात. पुस्तकात मी तो वाचला होता, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. समोर आला तेव्हा ओळखला मात्र नाही.

एखाद्या माणसाला विमा मिळाला, यंत्र बसलं, औषध सुरू झालं. ते झालं नसतं तर त्याच माणसाचं काय झालं असतं? तो दुसरा माणूस अस्तित्वातच नसतो. त्याच्या जागी उभं करण्यालायक कुणीतरी शोधत बसणं, यात माझी निम्मी कारकीर्द गेली. उरलेली निम्मी, 'बरं झालं' म्हणजे नेमकं काय मोजायचं यावर भांडण्यात.

विम्याच्या बाबतीत हे फार अवघड जातं. आपण आजारी पडणार असं वाटणारा माणूस विमा आधी घेतो, म्हणून विमाधारक जास्त आजारी दिसतात. पण हप्ता भरू शकणारा माणूस सहसा जास्त कमावता, जास्त शिकलेला, स्वतःची काळजी घेणाराही असतो, म्हणून विमाधारक जास्त निरोगीही दिसतात. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात घुसतात, आणि रिग्रेशनमध्ये, म्हणजे इतर घटकांचा परिणाम वेगळा काढायच्या गणितात, आणखी दहा चलं घातल्याने त्या सुटत नाहीत. म्हणून आमच्या क्षेत्रात चिठ्ठ्या टाकून झालेल्या प्रयोगांना सोन्याचं मोल आहे.

पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत रँड संस्थेने जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली १९७४ ते १९८२ या काळात केला. हजारो कुटुंबांना चिठ्ठी टाकून वेगवेगळ्या विमा योजना दिल्या. कुणाला उपचार फुकट, कुणाला बिलाचा २५, ५० किंवा ९५ टक्के भाग स्वतः भरायचा, पण वर्षाला एका मर्यादेपर्यंतच. ९५ टक्केवाल्यांचा खर्च फुकटवाल्यांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी झाला, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. धोरणवाले इथवरच वाचतात आणि 'लोकांच्या खिशाला हात घाला, वायफळ तपासण्या थांबतील' असं सांगत सुटतात. त्याच प्रयोगातली पुढची दोन वाक्यं मात्र गळून पडतात. गरीब आणि उच्च रक्तदाब असलेल्यांना फुकट उपचारांनी फायदा झाला होता. आणि स्वतः पैसे भरायची वेळ आली तेव्हा लोकांनी अनावश्यक उपचारांइतकेच गरजेचे उपचारही टाळले. पोटात दुखतंय ते गॅसमुळे की अपेंडिक्समुळे, हे रुग्णाला आधी कसं कळावं? ते कळण्यासाठीच तर तो डॉक्टरकडे जातो. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच लिहून ठेवलं होतं की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण अनिश्चितता आणि माहितीची तफावत त्याच्या मुळातच आहे. नवीन माणसाने तो निबंध वाचावा. साठ वर्षं उलटली तरी त्याला धूळ चढलेली नाही.

दुसरा प्रयोग ओरेगन राज्यातला, आणि माझ्या मते आमच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त शिकवणारा. २००८ मध्ये तिथे गरिबांच्या सरकारी विम्यात सुमारे १०,००० जागा होत्या आणि नावं आली सुमारे ९०,०००. राज्याने सोडत काढली. एमी फिंकेलस्टाइन, कॅथरिन बाइकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं संशोधन करून टाकलं. विमा मिळालेल्यांवरचा बिलांचा ताण कमी झाला, घर धुऊन नेणारा वैद्यकीय खर्च जवळजवळ संपला, नैराश्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटलं. मात्र दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मधुमेहाच्या नियंत्रणात संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक सापडला नाही. विम्यामुळे लोक तातडीच्या विभागात जायचे थांबतील ही आशाही फोल ठरली. तिथल्या भेटी सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या.

यावर 'विम्याने तब्येत सुधारत नाही' असे मथळे निघाले. इथे थांबून विचार करायला हवा. सोडतीत नंबर लागलेल्यांपैकी सुमारे ३० टक्केच शेवटी विम्यात दाखल झाले. बाकीच्यांनी फॉर्म भरला नाही किंवा ते पात्र ठरले नाहीत. प्रत्यक्ष तपासणी झालेले लोक बारा हजारांच्या आसपास, त्यांतले रक्तदाबाचे रुग्ण त्याहून थोडे. एवढ्याशा नमुन्यात फरक 'सापडला नाही' याचा अर्थ फरक 'नाही' असा होत नाही. आमच्या विषयातल्या निम्म्या चुकीच्या बातम्या या दोन वाक्यांच्या सरमिसळीतून जन्मतात.

पुढे काय झालं पाहा. २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या करखात्याने विमा न घेतल्याबद्दल दंड भरलेल्या कुटुंबांना पत्रं पाठवायचं ठरवलं: तुम्ही दंड भरला होतात, विमा असा असा घेता येतो. अशी कुटुंबं सुमारे ४५ लाख होती, पण सगळ्यांना पत्र पाठवण्याइतका पैसा नव्हता. म्हणून कुणाला वगळायचं ते चिठ्ठीने ठरलं आणि सुमारे ३९ लाख पत्रं गेली. त्यातून काहींनी विमा घेतला. जेकब गोल्डिन आणि त्यांच्या सहसंशोधकांनी नंतर मृत्यूच्या नोंदी जोडून पाहिल्या. ४५ ते ६४ या वयाच्या, आधी विमा नसलेल्या लोकांत दर १,६४८ पत्रांमागे एक मृत्यू टळला होता. एका साध्या पत्राने! हा परिणाम बारा हजारांच्या नमुन्यात कधीच दिसला नसता. तो आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीतून उठून फेरी मारून आले.

तंत्रज्ञान ही वेगळी शाखा आहे असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं नाही. बर्टन वाइसब्रॉड यांनी १९९१ मध्ये मांडलं की विमा आणि तंत्रज्ञान एकमेकांना वाढवतात. महागडं यंत्र निघालं की त्याच्या खर्चाच्या भीतीने लोकांना विमा हवासा होतो, आणि विमा पैसे देणार हे ठाऊक असलं की कंपन्या महागडी यंत्रं शोधायला पुढे येतात. फिंकेलस्टाइन यांनी २००७ मध्ये याचा माग काढला. अमेरिकेत वृद्धांचा सरकारी विमा, मेडिकेअर, १९६५ मध्ये आला. रुग्णालयांवरचा खर्च त्यामुळे जितका वाढला, तो रँडच्या प्रयोगासारख्या, एकेका व्यक्तीवरच्या अभ्यासांवरून बांधलेल्या अंदाजाच्या सहा पटींहून जास्त होता. कारण नीट पाहिलं तर सरळ आहे. एका माणसाला विमा मिळाला म्हणून कुठलंही रुग्णालय हृदयरोगाचा नवा अतिदक्षता विभाग बांधत नाही. एका अख्ख्या पिढीला मिळाला की बांधतं, आणि एकदा बांधला की तो विमा नसलेल्यांसाठीही वापरला जातो. आणि पहिल्या दहा वर्षांत वृद्धांच्या मृत्युदरावर मेडिकेअरचा परिणाम? फिंकेलस्टाइन आणि रॉबिन मॅकनाइट यांना तो दिसला नाही. ज्यांचा खिशातून होणारा खर्च सगळ्यात जबर होता, त्यांचा भार मात्र चांगलाच हलका झाला होता. विम्याने आधी घर वाचवलं.

तंत्रज्ञानाचा परिणाम मोजायला चिठ्ठ्या क्वचितच मिळतात. मग आम्ही निसर्गाने किंवा नियमाने पाडलेल्या रेषा शोधतो. १९९४ मध्ये मॅक्लेलन, मॅकनील आणि न्यूहाउस यांनी झटका आलेल्या वृद्धाचं घर कॅथेटरायझेशनची, म्हणजे हृदयापर्यंत बारीक नळी घालून तपासण्याची, सोय असलेल्या रुग्णालयापासून किती दूर आहे, यालाच चिठ्ठी मानलं. घर कुठे आहे यावर आजाराची तीव्रता ठरत नाही, पण उपचार कोणता मिळणार ते बरंचसं ठरतं. आतल्या गोटातल्या माणसालाही ही कल्पना पहिल्यांदा वाचताना हसू येतं, मग हेवा वाटतो.

अशाच एका रेषेची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. जन्मतः १,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला 'अतिकमी वजन' असा शिक्का बसतो आणि त्याच्यावर जास्त उपचार होतात. १,४९० आणि १,५१० ग्रॅमच्या बाळांत निसर्गतः फारसा फरक नसतो. डग्लस आमंड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की रेषेच्या किंचित खालच्या, म्हणजे किंचित जास्त अशक्त बाळांचा पहिल्या वर्षातला मृत्युदर वरच्यांपेक्षा सुमारे एक टक्का-बिंदूने, म्हणजे शंभर बाळांमागे एका मृत्यूने, कमी आहे. जास्त उपचार कामी आले, असा निष्कर्ष निघाला. सुंदर अभ्यास. पुढच्याच वर्षी ॲलन बारेका आणि सहकाऱ्यांनी आकड्यांचे ढीग दाखवले. बरोब्बर १,५०० ग्रॅमवर अनैसर्गिक संख्येने बाळं होती, कारण कुठे कुठे वजन गोल आकड्यात लिहिलं जात होतं. आणि या ढिगातल्या बाळांचे मृत्यू डावी-उजवीकडच्या बाळांपेक्षा जास्त होते. ती वगळली की परिणाम बराच आक्रसतो. वादात कोण किती बरोबर हा मुद्दा बाजूला ठेवते. शिकायचं ते असं, की आकडा वापरण्याआधी तो कुणी, कुठल्या काट्यावर, कसल्या घाईत लिहिला हे विचारायचं.

याच कारणासाठी तुमचा दुसरा प्रश्न, डॉक्टर असणं गरजेचं का, त्याचं उत्तर 'नाही, पण' असं आहे. पदवी नको. मात्र वर्षातले काही आठवडे वॉर्डात, बिलिंगच्या काउंटरवर, क्लेम मंजूर करणाऱ्यांच्या शेजारी बसून काढा. विम्याच्या दाव्यांच्या डेटात आजाराचे कोड असतात आणि नवखा संशोधक त्यांना निदान समजतो. ते निदान नसतं, ती पैसे मागण्याची भाषा असते. अमेरिकेत १९८३ मध्ये मेडिकेअरने रुग्णालयांना निदानगटाप्रमाणे ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, आणि कागदावरचे रुग्ण अधिक गंभीर होत गेले. सगळेच खरोखर गंभीर झाले नव्हते, कोड लिहिणारे हुशार झाले होते. खर्चाचा आकडाही असाच फसवतो. २०१९ मध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी तपासलेली एक संगणकीय प्रणाली, जास्त मदतीची गरज कुणाला आहे ते ओळखण्यासाठी, पुढचा खर्च किती होईल याचा अंदाज बांधत होती. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत आला होता, म्हणून तितकेच आजारी असूनही प्रणालीला ते निरोगी वाटत होते. ती चूक सुधारली असती तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं.

राहिला परिणामांचा, म्हणजे 'आउटकम'चा भाग. दक्षिण कोरियात थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ ते २०११ या काळात पंधरा पटींनी वाढलं, कारण सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. मृत्युदर जागचा हलला नाही. 'लवकर निदान' हा परिणाम मानला तर हे यश, मृत्यू मोजले तर हजारो माणसांच्या गळ्यावर विनाकारण शस्त्रक्रिया. त्याआधीचं उदाहरण याहून भीषण आहे. हृदयाचे अनियमित ठोके थांबवणारी औषधं ठोके खरंच थांबवत होती, म्हणून झटक्यानंतर ती सर्रास दिली जात. १९८९ मध्ये कास्ट या चाचणीचे निष्कर्ष आले: ती घेणारे जास्त संख्येने मरत होते. तेव्हापासून कुणी 'अमुक मार्कर (तपासणीतला आकडा) सुधारला' म्हटलं की माझा हात आपोआप मृत्यूच्या तक्त्याकडे जातो.

केवळ मृत्यू मोजणंही पुरत नाही. गुडघा बदलल्याने कुणी जास्त जगत नाही, पण माणूस जिना चढतो. त्यासाठी क्वाली हे माप आलं: पूर्ण तब्येतीचं एक वर्ष म्हणजे एक, त्रासात गेलेलं वर्ष म्हणजे त्याचा अंश. ब्रिटनची नाइस ही संस्था १९९९ पासून नव्या उपचारांचा असा हिशेब करते, आणि एका क्वालीमागे २०,००० ते ३०,००० पौंड ही तिची मर्यादा वर्षानुवर्षं प्रमाण मानली गेली. कार्ल क्लॅक्सटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथली आरोग्यसेवा एरवी सुमारे १३,००० पौंडांतच एक क्वाली निर्माण करते. म्हणजे ३०,००० ला एक क्वाली देणारं औषध मंजूर केलं की दुसरीकडे कुणाच्या तरी दोन क्वाली जातात. त्या 'कुणाचा' फोटो वर्तमानपत्रात येत नाही, औषध नाकारलेल्याचा येतो. क्वालीवर अपंगांच्या संघटनांचा आक्षेपही जुना आहे: आमचं आयुष्य वाढवण्याला तुमच्या मापात कमी भाव का? मला तो आक्षेप खरा वाटतो, आणि तरीही मी क्वाली वापरते, कारण माप नाही म्हटलं की ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे पैसा जातो. याहून चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही.

नोकऱ्या विद्यापीठांत, सरकारी मूल्यमापन संस्थांत, विमा कंपन्यांत, औषध आणि उपकरणं बनवणाऱ्यांकडे आणि सल्लागार संस्थांत मिळतात. पैसा शेवटच्या तिघांकडे जास्त. तिथे काम करणं कमीपणाचं नाही, पण करार नीट वाचा. एकदा एका उत्पादकाने निकाल आल्यावर मला तुलनेचा उपचार बदलायला सुचवलं होतं, अगदी गोड शब्दांत. विश्लेषणाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवला होता म्हणून 'आता बदलता येणार नाही' एवढंच म्हणून सुटले. निष्कर्ष काहीही आला तरी प्रसिद्ध करण्याचा हक्क लेखी मिळत नसेल तर काम घेऊ नका.

शिकायचं तर अर्थमितीसोबत साथरोगशास्त्र आणि सर्व्हायवल ॲनालिसिस (कोण किती काळ जगलं याचं संख्याशास्त्र) शिका, आर किंवा स्टाटा या संगणक-प्रणालींपैकी एकीवर हात बसवा. सिद्धांत पुढे वाचता येईल. ओरेगन सोडतीचा डेटा सर्वांसाठी खुला आहे, तो उतरवून घ्या आणि मूळ तक्ते स्वतः काढून बघा. एक खाचखळगा आधीच सांगते. नावं व्यक्तींची होती, पण एकाचा नंबर लागला की त्याच्या घरातल्या सगळ्या प्रौढांना अर्ज करता येत होता. म्हणून ज्या घरातून दोन-तीन नावं गेली, त्या घराची शक्यता जास्त होती. यादीत त्या घरातली किती नावं होती ते हिशेबात धरलं नाही तर चिठ्ठी चिठ्ठी राहत नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ते धरलं नव्हतं, आणि दोन दिवस जुळेना म्हणून मूळ लेखकांनाच मनातल्या मनात दोष देत बसले होते.